हात धरणारे हात



निर्गमाच्या पुस्तकातील सतराव्या अध्यायात रफीदीमच्या लढाईचा प्रसंग आहे. यहोशवा अमालेकांशी मैदानात लढत होता आणि मोशे टेकडीवर हात उंचावून उभा होता. मोशेचे हात वर असले की इस्राएलची सरशी होई, खाली आले की अमालेकांची. शेवटी मोशेचे हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. लढाई म्हटली की आपल्याला यहोशवा आठवतो, प्रार्थना म्हटली की मोशे. हूर मात्र आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

अशाच एका हूरची गोष्ट आज आपण पाहू या. ती अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी या शहरातील, बास्केटबॉलच्या मैदानावरची आहे.

तिथल्या ‘युटा जॅझ’ या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून जेरी स्लोन यांनी डिसेंबर १९८८ मध्ये सूत्रे हाती घेतली. तेव्हापासून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर साहाय्यक म्हणून फिल जॉन्सन बसू लागले. जॉन्सन काही नवशिके नव्हते. ते पूर्वी दुसऱ्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि १९७५ साली एनबीए या स्पर्धेतील ‘वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक’ हा मान त्यांना मिळाला होता. नवल असे की, स्लोन यांना तो मान आयुष्यात कधीच मिळाला नाही. म्हणजे ज्याला पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला होता, तो माणूस आनंदाने दुसऱ्या क्रमांकावर बसला. एक-दोन वर्षे नव्हे, तर बावीस वर्षे! या काळात संघ १९९७ आणि १९९८ साली अंतिम फेरीत पोहोचला. दोन्ही वेळा शिकागोच्या संघाकडून तो हरला. त्या पराभवांतही हे दोघे शेजारी शेजारीच होते.

१० फेब्रुवारी २०११ रोजी, हंगाम अजून संपलेला नसताना, स्लोन यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. अंगातली उमेद आता पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच दिवशी, त्यांच्याबरोबर जॉन्सन यांनीही पद सोडले. जेरी जातील त्या दिवशी मीही जाईन, अशीच त्यांची भूमिका होती. रिकाम्या झालेल्या मोठ्या खुर्चीवर ते बसले नाहीत. ती जबाबदारी टायरोन कॉर्बिन या दुसऱ्या साहाय्यकाकडे गेली.

शहरातले चाहते हादरले. स्लोन आणि जॉन्सन यांच्याशिवाय हा संघ ज्यांनी पाहिलाच नव्हता, अशी एक पिढी तिथे वाढली होती. प्रथम कोणाचा विश्वास बसेना. मग हळहळ सुरू झाली आणि हळहळीच्या पाठोपाठ राग आला. आदल्या रात्रीच्या सामन्यात प्रशिक्षक आणि संघातील एक प्रमुख खेळाडू यांच्यात खटका उडाल्याची बातमी पसरली आणि लोकांना गुन्हेगार सापडला. असे खटके पूर्वीही उडत असत, असे स्लोन यांनी सांगितले, तरी बोलणे थांबले नाही. दोन आठवडे होण्याआधीच तो खेळाडू दुसऱ्या संघात गेला.

बंधुभगिनींनो, त्या चाहत्यांना आपण नावे ठेवू नयेत. प्रेम होते म्हणूनच ते चिडले. पण त्यांच्या वागण्यात आपलाही चेहरा दिसतो. वर्षानुवर्षे कोणी बाई मुलांना धर्मशिक्षण देते, कोणी गृहस्थ पहाटे येऊन चर्चची दारे उघडतो, कोणी गायकवृंदात दुसरा सूर धरतो. आपल्याला ते दिसत नाहीत. एक दिवस ते थांबतात आणि आपण विचारतो, “कोणाशी बिनसले?” मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण दोषी शोधत बसतो, पण त्यांच्या घरची पायरी चढत नाही. कदाचित त्यांचे कोणाशीच बिनसलेले नसते. मोशेसारखे त्यांचे हात केवळ भरून आलेले असतात आणि ते धरायला आपण गेलेलो नसतो. हे आपले अपयश आहे आणि ते आपण प्रभूपुढे कबूल करायला हवे.

आणखी एक गोष्ट. जॉन्सन आपल्या मित्राबरोबर गेले, ही निष्ठा खेळाच्या मैदानावर शोभून दिसली. आपले सेवाकार्य मात्र एका माणसापुरते नाही. “ते फादर बदलून गेले, आता मीही थांबतो,” असे आपल्यातही ऐकू येते. धर्मगुरूंच्या बदल्या होतात, प्रभू येशूची बदली होत नाही. संत बर्णबाचे उदाहरण पाहा. शिष्य शौलाला घाबरत होते तेव्हा त्याने शौलाचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले. पुढे तार्ससला जाऊन तो त्याला घेऊन आला. सुरुवातीला ‘बर्णबा आणि शौल’ असा उल्लेख होतो. नंतर पौलाचे नाव पुढे आणि बर्णबाचे मागे गेलेले दिसते. त्याबद्दल बर्णबाने तक्रार केल्याचे कुठेही लिहिलेले नाही. पुढे त्या दोघांत मतभेद झाले आणि वाटा वेगळ्या झाल्या, तरी बर्णबाने सुवार्तेचे काम सोडले नाही.

मग या आठवड्यात आपण काय करू या? आपल्या धर्मग्रामातील एका ‘हूर’चे नाव आठवू या. त्याच्या घरी जाऊ या. आभार मानू या, आणि नुसते आभार मानून न थांबता विचारू या, “तुमचे थोडे काम मी करू का?” कोणी थांबले असेल, तर कारण न विचारता तब्येत विचारू या. खुर्ची रिकामी झाल्यावर डोळे पुसण्यापेक्षा, माणूस खुर्चीत असताना त्याचा हात धरणे हे अधिक ख्रिस्ती आहे.

प्रार्थना करू या : हे प्रभो, शिष्यांचे पाय धुण्यासाठी तू कमरेला रुमाल गुंडाळलास. मागच्या रांगेत राबणारे आम्हांला वेळेवर दिसू दे. दुसऱ्या जागेवर आनंदाने बसण्याची नम्रता आम्हांला दे. थकलेल्यांना विश्रांती दे, आणि त्यांचे हात खाली येण्यापूर्वी आमचे हात पुढे होऊ देत. आमेन.