कुमारीचे कंकण आणि आपला प्रपंच

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, दत्तजयंतीला मंदिरात भेटणारी माझ्या वयाची मंडळी एक तक्रार हमखास करतात. नोकरीत असताना वाटायचे, एकदा रिटायर झालो की पोथी, जप, लेखन निवांत होईल. आता रिटायर झालो, तर घरची कामे उसंत देत नाहीत!

मी बँकेत 38 वर्षे खातेवह्या सांभाळल्या, म्हणून हिशेबानेच बोलतो. एकनाथी भागवत स्वहस्ते लिहून काढायचा माझा संकल्प आहे. ओव्या 18 हजारांहून अधिक. रोज 10 लिहिल्या तरी पाच वर्षे हवीत, आणि वय आज 67. त्यात गच्चीची गळती, कुंड्यांतली झाडे, नातवाचा अभ्यास आणि सौ.चे गुडघे. यात देवाचे काम कोणते नि घरचे कोणते?

उत्तर भागवताच्या अकराव्या स्कंधातच सापडते. अवधूताने यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले. त्यांत एक कुमारी आहे. घरची माणसे बाहेर गेलेली आणि दारात पाहुणे आले. त्यांच्यासाठी ती साळी कांडू लागली, तर हातांतली कंकणे वाजायला लागली. घरात कांडलेले तांदूळही नाहीत हे पाहुण्यांना कळेल, या संकोचाने तिने ती उतरवली. दोन-दोन ठेवली, तरी वाजलीच. एकेकच उरले, तेव्हा आवाज थांबला.

अवधूताने यातून एकांताचा बोध घेतला. तो विरक्त, त्याला ते साजते. आपण गृहस्थांनी एवढेच पाहावे, की पोरीने कंकणे उतरवली, कांडण मात्र थांबवले नाही. पाहुणे उपाशी जाऊन कसे चालेल? आपल्याकडे गलबला होतो तो असा: ओवी लिहिताना गवंडी आठवतो, आणि गवंड्याशी बोलताना राहिलेली ओवी. एका हातात दोन कंकणे! बँकेत काउंटरसमोर कितीही रांग असो, हातात एका वेळी एकच व्हाउचर असायचे. तसेच हे.

गेल्या वर्षी सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दीड महिना वही उघडली नाही. औषधाच्या वेळा, शेक, व्यायाम, रात्री उठून बसणे. मन कुरकुरे, ‘संकल्प राहिला.’ पण त्या दिवसांत तेच एक कंकण हातात होते. ती काठी टाकून तुळशीपर्यंत चालत गेली, त्या दिवशी वही उघडली, आणि जिथे थांबलो होतो तिथून पुढची ओवी लिहिली.

पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या भेगेत उंबराचे रोप दिसले. पाखरांच्या विष्ठेतून बी पडते आणि मुळे भिंत फोडतात. गवंडी म्हणाला, ‘छाटून टाकू.’ उंबर म्हणजे दत्तगुरूंचे स्थान, हात कसा धजावेल? भेग ओली करून नातवाने आणि मी रोप मुळासकट अलगद काढले, मोकळ्या जागेत लावले, मग भेग बुजवली. घराची दुरुस्ती, बागकाम, नातू आणि दत्तसेवा, सगळे एका सकाळी झाले. चार खाती, पण जमा एकाच ठिकाणी!

नाथमहाराज तर दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य, आणि पक्के गृहस्थाश्रमी. देवगिरीवर हिशेबातली एका पैची चूक शोधत ते रात्रभर जागले आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. स्वामींनी ओळखले, की हीच एकाग्रता परमार्थाला लागेल. पुढे त्याच हातांनी भागवत लिहिले आणि दारी आलेल्या भुकेल्याला जेवूही घातले.

तेव्हा मंडळी, कामे कमी होण्याची वाट पाहू नका. ती संपत नसतात. पहाटेचा अर्धा तास पोथीला द्या, तेवढा तिचाच. मग पाणी घालताना झाडाचे व्हा आणि नातू बोलायला आला की वही मिटून त्याचे ऐका. माझ्या ओव्या पुऱ्या होतील की नाही, ते गुरुमहाराज जाणोत. आजच्या दहा मात्र झाल्या आहेत.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!