बॉनेटखालील प्रामाणिकपणा

मोटारगाड्यांच्या प्रतिकृती जुळविणे हा पोरखेळ आहे, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. आणि एखादा पन्नाशीचा गृहस्थ डोळ्याला भिंग लावून वीतभर गाडीच्या दारावर चकचकीत वर्ख चिकटवीत बसलेला दिसला, म्हणजे त्याची थोडी कीवही येते. ह्या समजुतीशी आम्ही भांडत नाही. परंतु ह्या खेळात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न इतक्या निर्भेळ स्वरूपात उभा राहतो की, गंभीर म्हणविणाऱ्या व्यवसायांत तसा तो क्वचितच सापडेल. म्हणून वाचकांचे लक्ष आम्ही तिकडे वेधू इच्छितो.

अमेरिकन गाड्यांच्या ह्या छंदाचे एक मूळ मोटारविक्रीच्या दुकानात आहे. १९४८ साली मिशिगन राज्यातील ट्रॉय येथे निघालेली एएमटी ही कंपनी प्रथम तयार प्रतिकृती करी. विक्रेते त्या दुकानात मांडून ठेवीत आणि गिऱ्हाइकांच्या मुलांच्या हाती देत. १९५८ पासून तिने गाड्यांचे सुटे भाग पेटीत घालून विकावयास काढले. एकाच पेटीतून गाडी तीन प्रकारांनी जुळविता येई: कारखान्यातून निघाली तशी, हौशी मालकाने फेरफार केलेली, किंवा शर्यतीची. प्रमाण पंचविसाव्या हिश्शाचे. १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर प्रत्यक्षात २०० इंच लांब. ती येथे ८ इंच होते. उंच पंखांची १९५९ सालची कॅडिलॅक २२५ इंचांची. ती ९ इंचांत मावते. खेळ म्हणून हिणविणाऱ्यांसाठी इतकेच सांगतो की, जनरल मोटर्सने १९३० पासून १९६८ पर्यंत ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ह्या नावाने मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालविली होती, आणि तिच्यातील १९४७ सालचा एक विजेता चार्ल्स जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या गाड्यांची रूपे ठरविणाऱ्या खात्याचा प्रमुख झाला.

पेटी उघडली म्हणजे डहाळीला फळे लगडावीत तसे सारे भाग एका चौकटीला चिकटलेले असतात. ते कापून घ्यावयाचे, साच्याची रेघ घासून काढावयाची, मग रंगाचे हात द्यावयाचे. हे हात फार पातळ हवेत, कारण रंगाला प्रमाण कळत नाही. एक दशांश मिलिमीटरचा थर ह्या गाडीवर अडीच मिलिमीटरांसारखा दिसतो आणि दाराची फट बुजून जाते. खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्यांवर ॲल्युमिनियमचा वर्ख बसवून धारदार पात्याने त्याच्या कडा कापाव्या लागतात. येथवरचे सर्व काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे असे म्हणता येईल.

इंजिनाचे तसे नाही. त्याचा ठोकळा पेटीत मिळतो. त्यावरील तारा बहुधा मिळत नाहीत, त्या ज्याच्या त्याने लावावयाच्या. शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाला मागील बाजूस डिस्ट्रिब्यूटर असतो व त्यातून आठ तारा आठ स्पार्क प्लगांकडे जातात. मूळ तार सुमारे ७ मिलिमीटर जाड. म्हणून येथे पाव मिलिमीटरहून किंचित जाड तार शोधावी लागते. शिवाय ती कोठूनही कोठेही नेऊन चालत नाही, कारण सिलिंडर पेटण्याचा क्रम ठरलेला आहे: १-८-४-३-६-५-७-२. ह्या क्रमाने आठही तारा बसविल्यावर बॉनेट मिटावयाचे आणि गाडी काचेच्या कपाटात ठेवावयाची!

आमचा एक जुना विद्यार्थी मिशिगनमध्ये इंजिनियर आहे. त्याच्या एका बेल एअरमध्ये पाचव्या व सातव्या सिलिंडरच्या तारांची अदलाबदल झाली. हे सिलिंडर एकमेकांचे शेजारी, आणि क्रमातही लागोपाठचे. ध्यानात आले तेव्हा गाडी पुरी झालेली होती. त्याने इंजिन उपसून काढले. त्या खटपटीत पुढील काचेची चौकट मोडली, रंग उडाला, तीन आठवड्यांचे काम पाण्यात गेले. ‘सर, तारा मुळीच लावल्या नसत्या तरी मला चालले असते,’ असे त्याने आम्हांस लिहिले, ‘पण चुकीच्या लावलेल्या चालेनात.’

खऱ्या गाडीत ही अदलाबदल झाली असती, तर इंजिनानेच ती सांगितली असती. ते थरथरले असते, मालकाने कारागिराला जाब विचारला असता. प्लॅस्टिकच्या इंजिनाला सर्व क्रम सारखे. प्लेटोने गायजीझच्या अंगठीची कथा सांगितली आहे: ती बोटात घालून अदृश्य झालेला मनुष्य न्यायाने वागेल काय? मिटलेले बॉनेट ही तशीच अंगठी होय. मात्र गायजीझने राजाला मारून राज्य घेतले. येथे कोणाचे केसाइतकेही नुकसान नाही. परपीडेवर नीतीची उभारणी करणाऱ्या मिलला ह्या प्रकरणात बोलावयास जागाच उरत नाही. गीतेच्या निष्काम कर्माचा दाखला देण्याचा मोह आम्हांसही झाला; परंतु तेथे प्राप्त कर्तव्याची गोष्ट आहे, आणि आठ इंचांची शेव्हरोले करणे हे कोणाचेही कर्तव्य नव्हे. अहंकार म्हणावा, तर अहंकाराला प्रेक्षक लागतो.

आमच्या मते उलगडा त्या विद्यार्थ्याच्या वाक्यातच आहे. कोणी विचारील की, न दिसणाऱ्या तारांचा एवढा बाऊ, तर ठोकळ्याच्या आतील दट्टे का करीत नाही? करीत नाही, कारण प्रतिकृती म्हणजे एका वस्तूविषयी केलेले विधान आहे, आणि विधान करणाऱ्याला कोठे थांबावयाचे हे ठरविण्याचा अधिकार असतो. दट्ट्यांविषयी तो गप्प आहे. तारा लावल्या त्या क्षणी मात्र तो बोलला: ‘१९५७ साली हे असे होते.’ आता ते तसेच असले पाहिजे. गप्प राहणे आणि खोटे बोलणे ह्यांतील हे अंतर ऐकणारा कोणी नसला तरी कायम राहते, असे आम्हांस वाटते. प्रत्येक मौन निर्दोष असते असा ह्याचा अर्थ नव्हे. धर्मराजाच्या रथाची चाके जमिनीला टेकली ती अर्धे वाक्य हळू बोलल्यामुळे. न केलेले इंजिन झाकण्यासाठी बॉनेट चिकटवून टाकून ‘आत सर्व आहे’ असे भासविणारेही असतातच.

ह्या विचाराची खरी कसोटी पुढे लागते. त्या काळच्या कारखान्यात सर्वच काम नीटस होत नसे. अंगाचा रंग फवारताना त्याचे शिंतोडे खालच्या लोखंडी सांगाड्यावर उडत, तपासनिसाच्या खडूच्या खुणा तशाच राहत. जुन्या खऱ्या गाड्यांचा जीर्णोद्धार करणारे काही काटेकोर लोक आज हे शिंतोडे मुद्दाम पुन्हा उडवितात, आणि सांगाडा आरशासारखा चकचकीत केलेल्या गाडीला नावे ठेवतात. सौंदर्य आणि सत्य एकच, असे वर्गात सांगणाऱ्या आमच्यासारख्यांनी येथे काय उत्तर द्यावे? गाडीचे पोट सुंदर करावे, तर ते खोटे; खरे करावे, तर ओबडधोबड. आमचा कल खऱ्याकडे आहे, पण तितक्याशा खुशीने नव्हे. विद्यार्थ्याने आपल्यापुरता निकाल केला आहे. दुसऱ्या बेल एअरच्या सांगाड्यावर त्याने शिंतोडे उडविले. कारखान्यातील मजुराच्या हातून घाईत सहज उडालेले ते थेंब तितकेच बारीक आणि तितकेच बेफिकीर दिसावेत, म्हणून त्याला दोन संध्याकाळ सराव करावा लागला.