कोण कोणास वाहतो?

वाचन: स्तोत्र ७१, यशया ४६:१–४



वेरूळचीं लेणीं आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तेथील सोळाव्या क्रमांकाचें कैलास लेणें इसवी सनाच्या आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजांच्या काळीं खोदलें गेलें. तें दगडावर दगड रचून बांधलेलें नाहीं. पाथरवटांनीं डोंगराच्या माथ्यापासून छिन्नी चालवीत तें खालीं आणिलें. म्हणजे शिखर आधीं आणि जोतें मागून. त्या जोत्याला हत्तींची रांग कोरलेली आहे. पाहणारास वाटतें, मंदिराचें सर्व ओझें ह्या हत्तींच्याच पाठीवर आहे. परंतु ज्या डोंगरांतून मंदिर निघालें, त्यांतूनच हत्तीही निघाले. आणि दोहोंसही खालून धरून आहे तो डोंगर. हत्तींनीं कांहींच उचललेलें नाहीं.

हे हत्ती मला आपल्या मंडळ्यांतही दिसतात. आम्हीं विश्वास धरिला, आम्हीं जातभाईंचा छळ सोसला, आम्हीं मंडळी चालविली, असें म्हणतां म्हणतां आपण पाठ वांकवून उभे राहतों. मग एखाद्या वर्षीं पाऊस दगा देतो, लेंकराचा ताप उतरत नाहीं, आणि घरांत कोणी हळूच म्हणतें, देवऋषीकडे जाऊन येऊं, पाळकसाहेबांस कळूं देऊं नका. अशा मनुष्यावर रागावण्यास मी धजत नाहीं. तो थकलेला असतो. ओझें आपल्या पाठीवर नाहीं, हें त्याला कोणीं समजावूनच सांगितलेलें नसतें.

यशया संदेष्टा हीच गोष्ट दाखवितो. बाबेलच्या दैवतांच्या मूर्ति जनावरांवर लादल्या आहेत व जनावरें थकून गेलीं आहेत. इकडे परमेश्वर आपल्या लोकांस कळवितो, कीं तुम्हीं मला वाहिलें नाहीं. तुमच्या जन्मापासून मींच तुम्हांस वाहिलें, आणि तुमचे केस पिकले तरी मींच वाहीन.

आतां स्तोत्र ७१ उघडून पाहा. बोलणारा वृद्ध आहे. त्याची शक्ति सरत आली आहे, व वैरी टपून बसले आहेत. संकट टळलेलें नाहीं. तरी त्याच मुखांतून विनवणीही निघते व स्तुतीही निघते. आपल्यांतील कित्येकांस वाटतें, आधीं मागणें मान्य व्हावें, मग स्तुति करावी. ही नवस फेडण्याची जुनी रीत झाली. स्तोत्रकर्ता असा हिशेब ठेवीत नाहीं.

येथें एक शंका मला गांवोगांवीं ऐकूं येते. एखादे आजोबा विचारतात, “मास्तर, माझा बाप्तिस्मा चाळिसाव्या वर्षीं झाला. तरुणपणापासून देव माझा आश्रय आहे, असें मी कोणत्या तोंडानें म्हणूं?” शंका प्रामाणिक आहे. पण स्तोत्रकर्ता तारुण्यावरही थांबत नाहीं. मातेच्या उदरांतून निघाल्यापासून देवानें मला सांभाळिलें, असें तो कबूल करितो. त्या दिवशीं त्यानें कोणता विश्वास धरिला होता? लेंकराला तर धरणाराचें नांवही ठाऊक नसतें.

ह्यासंबंधीं पंडिता रमाबाईंचें चरित्र मनांत आणावें. त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. शास्त्री पित्याबरोबर तीर्थयात्रा करीत त्या वाढल्या, व त्यांच्या आईनें त्यांस संस्कृत शिकविलें. पुढें दुष्काळांत आईबाप गेले, बहीणही गेली. १८८० सालीं भाऊ व १८८२ सालीं पति वारले. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. मग त्यापूर्वींचीं पंचवीस वर्षें देवाच्या हाताबाहेर गेलीं म्हणावयाचें काय? आईनें शिकविलेली विद्या वायां गेली नाहीं. केडगांवच्या मुक्तिसदनांत अनाथ मुली व विधवा ह्यांचा संसार चालवीत असतांच बाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि साध्या स्त्रियांस समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्यांत पुष्कळ वर्षें घालविलीं.

त्यांच्या म्हातारपणाची गोष्ट तर फार जड आहे. एकुलती एक कन्या मनोरमा, जिच्या हातीं पुढचें काम जावयाचें, ती १८२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९२१ च्या जुलै महिन्यांत, वारली. बाईंचीही प्रकृति खालावली होती, कानांनीं कमी ऐकूं येत होतें. तरी हातांतील भाषांतराचें काम त्यांनीं सोडिलें नाहीं. १९२२ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस त्या प्रभूकडे गेल्या. मुलगी पुरलेल्या त्या नऊ महिन्यांत कोणत्या बळानें लेखणी चालली? माझ्यानें तर इतकेंच सांगवतें, कीं तें बळ त्या अशक्त देहाचें नव्हतें.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. येत्या रविवारीं उपासना झाल्यावर, जी म्हातारी आतां देवळापर्यंत चालत येऊं शकत नाहीं तिच्या घरीं चार मुलांस घेऊन जावें. उपदेश करूं नये. तिच्या खाटेजवळ बसावें व तीस विचारावें, “आजी, ख्रिस्ताचें नांव तुम्हांस ठाऊक नव्हतें तेव्हां तुम्हांस कोणीं वाहिलें?” ती सांगेल तें मुलांनीं ऐकावें, आणि मग तीस जें गीत येत असेल तेंच तिच्याबरोबर गावें.