एकट्याचा नकार

१९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहापुढे असे एक विधेयक आले होते, की ज्याला विरोध करण्याची कल्पनाही कोणा शहाण्या लोकप्रतिनिधीच्या मनाला शिवू नये. १९५५ साली मॉन्टगोमेरी शहराच्या बसगाडीत गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्याचे नाकारून अटक पत्करणाऱ्या रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला राष्ट्राच्या वतीने सुवर्णपदक द्यावे, एवढाच त्याचा मजकूर. बाजूने ४२४ मते पडली, विरुद्ध एक. ते एक मत टेक्ससचे प्रतिनिधी डॉ. रॉन पॉल यांचे. बाईंविषयी त्यांना अनादर नव्हता; उन्मत्त सरकारी सत्तेपुढे ठाम उभी राहिलेली व्यक्ती म्हणून त्यांनी तिचा गौरवच केला. हरकत होती ती ३०,००० डॉलरांना. हे पैसे सरकारी खजिन्यातून कशासाठी, आपणच प्रत्येकी शंभर डॉलरांची वर्गणी काढू या, असे आव्हान त्यांनी सहकाऱ्यांना दिले होते, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे एकही सभासद पुढे आला नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची आपली म्हण त्यांच्या कानावर गेली असती, तर त्यांनी ती प्रचाराच्या फलकावर रंगवून घेतली असती.

हे गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदासाठी तीनदा रिंगणात उतरले. १९८८ साली लिबर्टेरियन पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा त्यांना अर्धा टक्काही मते मिळाली नाहीत. २००८ आणि २०१२ साली त्यांनी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली आणि दोन्ही वेळा ती त्यांना मिळाली नाही. पेशाने ते प्रसूतितज्ज्ञ. टेक्ससमधील लेक जॅक्सन या लहान गावी त्यांनी दवाखाना थाटला आणि चार हजारांहून अधिक बालकांना या जगात आणले. वृद्ध व गरीब रुग्णांसाठी सरकारकडून मिळणारा मोबदला त्यांनी कधी घेतला नाही. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याला ते कमी पैशांत किंवा फुकट तपासत. काँग्रेसच्या सभासदांना मिळणारे निवृत्तिवेतनही त्यांनी नाकारले. राजकारणात ओढले जाण्याचे कारण मात्र वैद्यकीय नव्हते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी (ही तारीख आपल्याला निराळ्याच कारणाने पाठ असते) अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात परकीय सरकारांना सोने देणे बंद केले, आणि ज्या चलनामागे सोने नाही ते चलन म्हणजे राजरोस लबाडी आहे, अशी या डॉक्टरांची खात्री झाली.

मराठी वाचकाला ही विचारधारा वाटते तितकी परकी नाही. मिल आणि स्पेन्सर यांचे वळण गिरवून आगरकरांनी व्यक्तिस्वातंत्र्याचा पक्ष मांडला त्याला शतक उलटून गेले. चलनाचे नियमन अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपवण्यातला धोका डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या १९२३ च्या ग्रंथात साधार दाखवला. एकाकी नकाराचे उदाहरणही आपल्या घरी आहे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झाले, तेव्हा ते एक मत स्वतंत्र भारत पक्षाच्या शरद जोशींचे होते. आणि जोशींना स्त्रियांच्या प्रश्नाविषयी आस्था नव्हती, असे चांदवडचे १९८६ चे शेतकरी महिला अधिवेशन ज्याला ठाऊक आहे तो म्हणणार नाही. सर्व सभागृह एकीकडे असताना एका माणसाने आपल्या तर्काशी इमान राखावे, या दृश्याचे आकर्षण मला आजही वाटते, हे कबूल केले पाहिजे.

तरुणांनाही तेच वाटले. आवाज चिरका, वक्तृत्व बेताचे, वय सत्तरीपलीकडचे. तरीही १६ डिसेंबर २००७ रोजी, बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याच्या वाढदिवशी, त्यांच्या चाहत्यांनी आपण होऊन एका दिवसात सुमारे ६० लाख डॉलर जमा केले आणि कसलेल्या निवडणूक-कारभाऱ्यांना तोंडात बोट घालायला लावले. याचे कारण सुवर्णमानात शोधण्यापेक्षा त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण कॅरोलायनात झालेल्या जाहीर वादविवादात शोधावे. अमेरिकेवर हल्ला झाला तो आपण त्यांच्या मुलखात ठाण मांडून बसलो म्हणून, दहा वर्षे आपण इराकवर बाँब टाकत होतो, असे पॉल यांनी स्वपक्षाच्या श्रोत्यांसमोर सांगितले. न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी यांनी ते शब्द मागे घेण्याची मागणी केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शब्द मागे घेतले गेले नाहीत. २००२ साली इराकच्या युद्धाला विरोध करणारे रिपब्लिकन प्रतिनिधी अवघे सहा होते, त्यांपैकी हे एक. सरकारी पाठबळावर फुगलेला गृहकर्जांचा बाजार एक दिवस कोसळेल, असा इशारा त्यांनी २००३ सालीच दिला होता. ज्या पिढीला युद्ध आणि मंदी या दोन्ही गोष्टी वडीलधाऱ्यांच्या आश्वासनांतून मिळाल्या होत्या, तिला हा म्हातारा निदान खोटे बोलत नाही एवढे पुरेसे होते.

परंतु नकार हे वैद्याचे पथ्य झाले, औषध नव्हे. त्यांनी आपल्या दीर्घ कारकिर्दीत सहाशेंवर विधेयके व ठराव मांडले, आणि त्यांपैकी कायद्याच्या पदवीला पोहोचला तो एक: गॅल्व्हेस्टन बंदरातील जुन्या कस्टम-कचेरीची इमारत तेथील वारसा जपणाऱ्या संस्थेला विकण्याची परवानगी देणारा. आपल्या मतदारसंघाची कामे ते खर्चाच्या विधेयकांत रीतसर नोंदवून घेत आणि मग त्याच विधेयकांविरुद्ध मत देत. विधेयके मंजूर होणारच होती, त्यामुळे व्रतही अभंग राहिले आणि मतदारसंघही उपाशी राहिला नाही. २००८ नंतर नोटांच्या पुरामुळे महागाईचा डोंब उसळेल असे भाकीत ते सांगत राहिले. पुढची दहा वर्षे तो उसळला नाही. मात्र हे किरकोळ दोष झाले, आणि राजकारणी माणसाच्या खात्यावर ते माफही करता येतात.

माफ करता येत नाही ते दुसरे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे काही वर्षे त्यांच्या नावाची वार्तापत्रे निघत, आणि त्यांतून कृष्णवर्णीयांविषयी किळसवाणा मजकूर छापला जाई. २००८ च्या जानेवारीत तो नव्याने उजेडात आला, तेव्हा आपण तो लिहिला नाही, मात्र लक्ष न दिल्याची नैतिक जबाबदारी आपली आहे, असे त्यांनी सांगितले. हे खरे मानले तरी प्रश्न उरतोच: सरकारी विधेयकातील तीस हजार डॉलरांचे कलम ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याच्या नजरेतून स्वतःच्या नावाचा कागद वर्षानुवर्षे कसा सुटतो? मला वाटते, ज्याने जुलमाचे उगमस्थान एकटे सरकार असे एकदा ठरवून टाकले, त्याला शेजाऱ्याच्या तोंडचे विष दखल घेण्याजोगे वाटत नाही.

२००४ साली नागरी हक्कांच्या कायद्याला चाळीस वर्षे झाली म्हणून अभिनंदनाचा ठराव आला. ४१४ विरुद्ध १. या कायद्याने खाजगी मालमत्तेचा आणि संगतीच्या स्वातंत्र्याचा हक्क पायदळी तुडवला, ही त्यांची तक्रार. रोझा पार्क्स यांची बस त्यांना दिसते, कारण तिथला वर्णभेद हा कायद्याने लादलेला होता. परंतु १९६० च्या फेब्रुवारीत उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील उपाहाराच्या फळीशी बसले आणि त्यांना कॉफी नाकारली गेली, ते दुकान खाजगी होते. तिथे पॉल यांचा तर्क दुकानदाराच्या बाजूला जाऊन उभा राहतो. एवढेच म्हणतो की बाजारात अशा दुकानदाराचे यथावकाश नुकसान होईल.

हा तर्क आपल्याकडे कोर्टात आजमावून झाला आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. दुसऱ्या वर्षी महाडच्या म्युनिसिपालिटीनेही चवदार तळ्यापुरता तसा ठराव केला. म्हणजे दप्तरी सरकारची मनाई नव्हती. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्यावर पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या लोकांवर लाठ्या चालवल्या त्या गावकऱ्यांनी. आणि पुढे सनातनी मंडळी दिवाणी कोर्टात गेली ती कोणता दावा घेऊन? तळे खाजगी मालकीचे आहे, हा दावा घेऊन. हायकोर्टात तो फेटाळला जायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे. या अवधीत तहानलेल्या माणसाने बाजाराच्या न्यायाची वाट कुठे बसून पाहायची होती?

पॉल यांच्यापाशी या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते त्यांच्या स्वभावातून आले होते. २०११ च्या सप्टेंबरात टॅम्पा येथील वादविवादात त्यांना विचारले गेले: धडधाकट तिशीतला तरुण, विमा उतरवलेला नाही, अचानक बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला, समाजाने त्याला मरू द्यावे काय? श्रोत्यांतून काही आवाज उठले, ‘हो!’ पॉल म्हणाले, नाही; आणि आपण वैद्यकी सुरू केली त्या काळात चर्चच्या रुग्णालयांतून कोणाला परत धाडले जात नसे, याची त्यांनी आठवण सांगितली. ती खोटी नव्हती. पण २००८ च्या त्यांच्याच प्रचाराचा व्यवस्थापक त्या वर्षी न्यूमोनियाने वारला, तेव्हा त्याचा विमा नव्हता, आणि मागे रुग्णालयाचे सुमारे चार लाख डॉलरांचे देणे उरले. मित्रांना वर्गणी गोळा करावी लागली. एका डॉक्टरच्या दवाखान्यात औदार्य पुरते, कारण त्याचा धनी तिथे हजर असतो. लेक जॅक्सनच्या त्या खोलीत दोन खुर्च्यांच्या मध्ये फी माफ होत असे. तीच रीत तीस कोटींच्या देशाचा कारभार म्हणून चालेल, असे मानणाऱ्याने स्वतःचा चांगुलपणा हा निसर्गनियम समजलेला असतो.

२०१३ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले. त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी, २०१६ च्या डिसेंबरात, टेक्ससचे ३८ निर्वाचक आपली औपचारिक मते नोंदवायला जमले; पक्षाच्या उमेदवाराचे नाव लिहावे, एवढेच त्यांचे काम. त्यांपैकी दोघांनी ते केले नाही. ८१ वर्षांच्या, कुठल्याच रिंगणात नसलेल्या रॉन पॉल यांचे नाव त्या दोघांतल्या एकाने चिठ्ठीवर लिहिले, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठीचे निर्वाचक-मत त्यांच्या खात्यावर प्रथमच जमा झाले: एक.