चावी फिरवली होतीस का?

उभा राहा. हातातला पाना खाली ठेव. बाकीच्यांनीही काम थांबवा, कारण हे त्याच्या एकट्यासाठी नाही.

शुक्रवारी तू ती फियाट 'तयार आहे सर' म्हणून माझ्यासमोर आणून लावलीस. जॉब कार्डावर तुझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'डॅशबोर्डचे बल्ब बदलले, ओके.' मला एवढंच सांग, इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवून लाल दिवे पेटतात का ते तू बघितलंस का?

नाही बघितलंस. सरळ सेल्फ मारलास, पार्किंगचा खटका ओढलास, मीटर उजळलं, आणि सही ठोकून मोकळा झालास. मीही तुझ्या सहीवर विसंबलो. ती माझी चूक आहे आणि ती मी गाडीच्या मालकांकडे कबूल केली आहे. आता तुझी ऐक.

काल रात्री त्यांचा फोन आला. खंबाटकी घाट चढताना, पावसात, आधी वायपर मंदावले, मग हेडलाइट पिवळे पडले आणि एका वळणावर गाडी बंद पडली. सत्तरी ओलांडलेला माणूस, शेजारी बायको, मागून मालाचे ट्रक, आणि गाडीला साधा मागचा दिवा लागेना. दोघांनी उतरून गाडी कडेला ढकलली. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, मीटरवर एकही लाल दिवा नव्हता हो." त्यांच्या त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. तुला लागली असेल, तर आज लागू नये.

दिवा नव्हता, कारण तू तो पेटूच शकणार नाही असा बसवलास. चार्जिंगच्या जागी तीन वॅटचा बल्ब होता. तो गेलेला होता, हे तू बरोबर ओळखलंस. त्या जागी बाजारातून आणलेली एलईडी घातलीस. एलईडीला दिशा असते, हे पहिल्या वर्षाला शिकवलंय. होल्डरमध्ये ती उलटी बसली. नुसती चावी फिरवली असतीस तर ती अंधारी राहिली असती आणि तुला त्याच क्षणी कळलं असतं. दोन सेकंदांचं काम होतं.

सकाळी तू मला म्हणालास, "सर, फियाटला डायनॅमो असतो, त्यात तो दिवा नुसता दिवा असतो." पाठ केलेलं बरोबर आहे. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, त्यावर तो स्वतः उठतो. बल्ब गेला तरी चार्जिंग चालूच राहतं. पण या गाडीचं बॉनेट तू उघडलंस का? त्या डायनॅमोच्या जागी कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी अल्टरनेटर बसवलेला आहे. जुन्या फियाट चालवणारे अनेक जण तेच करतात. आणि या जातीच्या अल्टरनेटरच्या रोटरला पहिला करंट त्या दिव्यातूनच जातो. चावी फिरली की बॅटरी, दिवा, रोटर अशी वाट तयार होते आणि दिवा पेटतो. इंजिन फिरून अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि तो विझतो. तीन वॅटच्या बल्बमधून पाव अँपिअर जातो. एलईडी सुलटी बसली असती तरी तिच्यातून त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच गेला असता. उलटी बसल्यावर काहीच गेलं नाही. कधी जोरात रेस दिली तर अल्टरनेटर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर उचल घेतो, पण त्याचा भरवसा नसतो. काल त्यानं उचल घेतली नाही. आपण चार्जर लावून भरून दिलेल्या बॅटरीवर गाडी घाटापर्यंत गेली आणि तिथं संपली.

म्हणजे तो बल्ब त्या गाडीच्या चार्जिंगचा भाग होता. तू त्याला शोभेची वस्तू समजलास.

आणि ऑइलचा दिवा? तोही गेलेला होता. आज सकाळी दुसरी बॅटरी लावून मी स्वतः बघितलं. इंजिनच्या अंगावरच्या ऑइल प्रेशर स्विचची एकच वायर असते. ती काढायची, चावी चालू ठेवून इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवायची, मीटरवर लाल दिवा लागलाच पाहिजे. मी टेकवली, लागला नाही. मीटर उघडलेलं तुझ्या मांडीवर होतं तेव्हा तुझ्या नजरेसमोर तो बल्ब होता, काच काळी पडलेली, फिलामेंट तुटून एका बाजूला लोंबत असलेलं. तू म्हणतोस, "मालकांनी फक्त मीटरचा उजेड नाही म्हणून सांगितलं होतं." अरे, मालक दिसतं तेवढंच सांगणार! ऑइलचा दिवा गेलाय हे त्यांना कळणार कसं? विझलेला लाल दिवा आणि गेलेला लाल दिवा सीटवर बसलेल्या माणसाला अगदी सारखे दिसतात. तो फरक ओळखायला तू आहेस. रस्त्यात ऑइलचा दाब गेला असता तर बेअरिंगं धरली असती, आणि गाडी बंद पडेपर्यंत त्यांना पत्ता लागला नसता. दहा-पंधरा रुपयांच्या बल्बपायी इंजिन!

उजेडाचे बल्ब तर तू पाच वॅटचे घातलेस, जास्त लख्ख दिसावं म्हणून. त्या अरुंद जागेत त्यांची उष्णता जाणार कुठं? होल्डरचं प्लास्टिक आतापासूनच पिवळं पडलंय. जुन्या बल्बवर आकडा छापलेला असतो, तो वाचायचा आणि तोच घालायचा. हे मी पुन्हा सांगणार नाही.

तुझे हात चांगले आहेत. स्पीडोमीटरची केबल न वाकवता काढलीस, एकही स्क्रू कमी नाही, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढलीस. म्हणून मला जास्त राग आहे. अर्धवट येणाऱ्या पोरावर मी इतका बोललो नसतो.

ही गाडी कोणती आहे, तेही ऐकून ठेव. आपण फियाट म्हणतो ती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. मुंबईत या गाडीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांनी तीही रस्त्यावरून उतरली. आता ज्यांच्याकडे उरली आहे ते तिला घरच्या माणसासारखी जपतात. सुटा भाग मिळवायला चोर बाजारापासून कुठं कुठं हिंडतात. त्यांनी माझ्या शब्दावर ती आपल्या शेडमध्ये दिली होती.

गाडी सकाळीच टो करून आणली आहे. तीन वॅटचा बल्ब मी आणून ठेवला आहे, ऑइलचाही. मीटर तूच काढायचंस. होल्डरची पितळी पाती बारीक पॉलिश पेपरनं घास, ती हिरवी पडली असली तर नवा बल्बही पेटणार नाही. प्रत्येक बल्ब बसवण्याआधी टेस्टरवर तपास. सगळं लागलं की चावी फिरव, सेल्फ मारू नकोस, आणि एकेक लाल दिवा बोट ठेवून मला मोठ्यानं सांग. मग इंजिन सुरू कर आणि बॅटरीवर व्होल्टमीटर लाव. चौदाच्या आसपास आकडा आला की मला हाक मार.

नंतर मालकांना फोन तू करायचा आहेस. मी शेजारी उभा असेन, पण बोलायचं तू.

जा, हात धुऊन ये.