रिले टिकटिकते तेव्हा

चि. बाबूस,

सौंसरला दुकान टाकलंस, बरं केलंस. पाटी लागायच्या आधीच टेबलावर ऑटो-स्विचची कार्डं येऊन पडली, असं तुझी आई सांगत होती. ती येणारच. आंबिया बहाराचा ताण जानेवारीत तोडला की संत्र्याला पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, आणि लाईन येते रात्री-बेरात्री. विहिरीवर जाऊन बटण दाबायला कोण बसणार? म्हणून बागेबागेत हे कार्ड.

‘रिले टिकटिक करते, मोटर उचलत नाही’ ही तक्रार तुला सगळ्यांत जास्त ऐकू येईल. गिऱ्हाईक निदानही घेऊनच येतं: रिले गेली, बदलून द्या. तू बदलशील, पैसे घेशील, आणि आठ दिवसांत तेच कार्ड परत तुझ्या टेबलावर.

या स्वस्त कार्डांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. लाईनवरचा तो चौकोनी, पिवळा कंडेन्सरच 230 व्होल्ट अडवतो आणि मोजका करंट पुढे जाऊ देतो. 1 मायक्रोफॅरडचा असेल तर 50 हर्ट्झला साधारण 72 मिलिअँपिअर. लाईनीत झटका आला की त्याच्या आतल्या धातूच्या पातळ थराचा एखादा ठिपका उडून जातो आणि तेवढी जागा बाद होऊन बाकीचा कंडेन्सर चालू राहतो. तो फुगत नाही, काळा पडत नाही, वासही मारत नाही. फक्त वर्षागणिक आतून कमी होत जातो. अंगावर 105, म्हणजे 1 मायक्रोफॅरड, छापलेलं आणि मीटरवर 0.4, असा माल तुला कितीतरी दिसेल. मग काय होतं बघ: रिले ओढली की व्होल्टेज बसतं, बसलं की रिले सुटते, सुटली की व्होल्टेज चढतं, पुन्हा ओढली जाते. रिले ठणठणीत असते रे!

मोजताना कंडेन्सरचा एक पाय बोर्डातून उचल, नाहीतर शेजारचे पार्ट मीटरला फसवतात. बदलताना एक्स-2 छापलेला, 275 व्होल्ट एसीचाच टाक. 400 व्होल्ट डीसीचा दिसायला तसाच आणि स्वस्तही मिळतो. त्याला लाईनवर लावू नकोस.

एक गोष्ट कडक सांगतो. ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे अख्खं कार्ड लाईनवर आहे, ‘ग्राउंड’ म्हणून दिसणारी पट्टीसुद्धा. पिन काढल्यावरही कंडेन्सर भरलेला राहू शकतो. तो रेझिस्टर लावून रिकामा करायचा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढणं ही मिस्तरीगिरी नव्हे. टीव्हीच्या किटवर तर मोठ्या कंडेन्सरवर 325 व्होल्टच्या आसपास डीसी उभं असतं. दुरुस्त केलेली किट पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्बमधूनच कर. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा, लख्ख पेटून राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे.

निळी चकती, म्हणजे व्हॅरिस्टर, फुटलेली आणि फ्यूज उडालेला, असंही कार्ड येईल. तेव्हा सोल्डरिंग आयर्न खाली ठेव आणि विचार: गावात आणखी कुणाचं काय जळलं? खांबावर न्यूट्रल तुटलं की सिंगल फेजच्या घरात व्होल्टेज 400 च्या जवळपास पोचू शकतं. त्या चकतीने तो मार स्वतःवर घेतलेला असतो. काही जण चकती कापून टाकतात, फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळतात आणि कार्ड चालू करून देतात. असल्या कामाची मला चीड आहे. चकती नवी बसव, फ्यूज छापलेल्या अँपिअरचाच घाल, आणि आधी वायरमनला बोलवायला सांग.

पावसाळ्यात पेटी उघडशील तर आत मुंग्यांचं वारूळ नाहीतर दोन टर्मिनलांच्या मध्ये चिकटून मेलेली पाल असेल. पाल काढून भागत नाही. तिच्याखाली बोर्ड जळून कोळसा झालेला असतो आणि त्यातूनच करंट वाहतो. काळं सगळं खरवडून, धुऊन, वाळवून मग मीटर लाव.

पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला, सौंसरही त्यात आलं, पण पार्टसाठी आपल्याला अजून नागपूरच गाठावं लागतं. मी पुढच्या आठवड्यात बर्डीला जाणार आहे. 105 आणि 474 दोन्ही कंडेन्सर आणतो, सुटे नाही, एकाच पाकिटातले, म्हणजे तिथेच चार-दोन मोजून घेता येतील. तुझ्या मीटरवर कंडेन्सर मोजायची सोय आहे का ते कळव. नसेल तर माझं घेऊन जा.

तुझा आबाजी