क्रमाची साक्ष

एखादी गोष्ट अनेकांनी मानली म्हणून ती अधिक खरी ठरते काय, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु आजच्या विद्यार्थ्यापुढे तो दिवसातून वीस वेळा उभा राहतो आणि तो उभा आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. शोधयंत्रास प्रश्न घालावा आणि त्याने क्षणार्धात उत्तरांची उतरंड पुढे मांडावी, हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की, वरचे उत्तर वर का, असे विचारण्याचे कोणास सुचत नाही.

ह्या उतरंडीचे मूळ, वाचकांस नवल वाटेल, पण आम्हा वकिलांच्या धंद्यात आहे. १८७३ साली अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने, कोणत्या निवाड्याचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निवाड्यांत झाला, ह्याची जंत्री छापण्यास आरंभ केला. ती पद्धत पाहून युजीन गारफिल्ड ह्यांनी १९६४ मध्ये शास्त्रीय निबंधांची तशीच उल्लेखसूची काढली. आणि ज्याचा उल्लेख अधिक तो अधिक महत्त्वाचा, हा धागा धरून १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गे ब्रिन ह्यांनी गूगलची उभारणी केली. एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखविले की ते एक मत; आणि बोट दाखविणारा वजनदार असेल तर मतही वजनदार. कल्पना सुंदर आहे. मात्र ह्या प्रवासात एक गोष्ट वाटेत सांडली. शेपर्डच्या जंत्रीत निवाड्याशेजारी लहानशी अक्षरखूण असते: हा निवाडा पुढे अनुसरला गेला, वेगळा म्हणून बाजूस ठेवला गेला, की मोडीत निघाला. वकिलाचे पोट त्या एका अक्षरावर! यंत्राच्या मूळ गणितात मात्र बोट तेवढे मोजले गेले. ते वंदनासाठी उचलले की निंदेसाठी, ह्याचा हिशेब नव्हता. पुढे त्या गणितात पुष्कळ भर पडली. पण बहुमतास वजन देण्याचा मूळ स्वभाव काही गेला नाही.

बहुमताची गोष्ट निघालीच आहे, तर १९७६ चा जबलपूरचा निवाडा आठवावा. आणीबाणीत स्थानबद्धास न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले. एकटे हंसराज खन्ना उलट बोलले. तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मोडीत काढला तो २०१७ साली. मधल्या एकेचाळीस वर्षांत त्याचे नाव किती वेळा घेतले गेले, एवढेच मोजणाऱ्यास त्यातून काय कळले असते?

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. पणजीची एखादी विद्यार्थिनी विचारते: बापाच्या मिळकतीत हिंदू मुलीचा वाटा किती? यंत्र तिच्यापुढे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आणि त्यातील २००५ ची दुरुस्ती ठेवील, असा संभव मोठा. कारण देशभर त्याच कायद्याविषयी लिहिले-बोलले जाते. गोव्यात तो लागू नाही. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे आणि उत्तराधिकारापुरता आता तिच्या जागी २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे. पहिले उत्तर खोटे नव्हे. ते दुसऱ्या कोणाचे तरी उत्तर आहे. अल्पसंख्य प्रदेशात राहणाऱ्यास, मग तो गोव्यात असो, बेळगावात असो की बडोद्यास, हा अनुभव केवळ यंत्राकडूनच येतो असे नाही.

यावर कोणी सुचवील की, दोन-तीन यंत्रे ताडून पाहावीत. सल्ला चांगला, पण साक्षीदार दोन आहेत की एकाचीच दोन तोंडे, हे आधी तपासावे लागते. २००९ च्या करारानंतर याहूची उत्तरे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येऊ लागली. डकडकगोही बहुतांशी बिंगवरच विसंबते. ह्यांचे एकमत हा पुरावा नव्हे, प्रतिध्वनी होय. शिवाय साक्षीदाराचा हितसंबंध विचारावयाचा असतो. जाहिरातीवर पोसलेले शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच, असा इशारा खुद्द पेज व ब्रिन ह्यांनीच १९९८ च्या आपल्या निबंधात दिला होता. पुढे २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःच्याच खरेदीसेवेस झुकते माप दिल्याबद्दल गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. येथे अधिक सांगणे नलगे.

यंत्राची उलटतपासणी होत नाही, माणसाची होते. म्हणून २००३ मध्ये जोशुआ शाख्टर ह्यांनी काढलेल्या 'डिलिशस'ची मला अजून आठवण होते. पुस्तकात मोरपीस ठेवावे तशी वाचनखूण येथे ठेवावयाची, तिला आपल्या मनाजोगे एक-दोन खूणशब्द जोडावयाचे, आणि ती सर्वांस दिसावयाची. रंगनाथनांसारख्या आचार्याने ज्ञानाची मांडणी वरून केली. ही खालून, वाचकांच्या हातून होत होती. साहजिकच गोंधळ फार. एकाच निबंधावर एकाने 'कायदा' लिहावे, दुसऱ्याने 'राजकारण', तिसऱ्याने नुसतेच 'वाचायचे आहे'! परंतु खुणेमागे माणूस होता. तो आणखी काय वाचतो ते पाहता येई, त्याचा कल कळे, आणि मग त्याच्या शब्दास किती किंमत द्यावयाची ते आपले आपल्यास ठरविता येई. पक्षपाती साक्षीदार वाईट नसतो. त्याचा पक्ष दडलेला असला तर तो वाईट.

ही खूण त्याने स्वतःसाठी ठेविली होती, परोपकारासाठी नव्हे. मग तिचा लाभ घेणाऱ्यावर काही ऋण आहे काय? मला वाटते, आहे. आपल्या परंपरेने ऋषिऋण मानले ते ऋषीने आपल्यास उद्देशून काही केले म्हणून नव्हे; ते फिटते अध्ययन-अध्यापनानेच. विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या खुणेवरून चालावे, आणि आपण हे ग्राह्य का मानले ह्याची एक ओळ मागून येणाऱ्यासाठी ठेवावी. नुसती खूण पुरेशी नाही, कारण हवे; शेपर्डचे ते अक्षर हवे.

'डिलिशस' २००५ मध्ये याहूने विकत घेतले, मग ते आणखी काही हातांतून गेले, आणि २०१७ मध्ये तेथे नवी खूण ठेवण्याची सोय बंद झाली. असंख्य वाचकांनी मिळून उभे केलेले ते धन एका मालकाकडून दुसऱ्याकडे जिंदगीसारखे गेले. करार पाहता त्यात बेकायदेशीर काही नव्हते. पण अनेकांनी अनेकांसाठी जमविलेले धन ज्याच्या हाती असते त्यास आमच्या शास्त्रात विश्वस्त म्हणतात, आणि तो शब्द ह्या व्यवहारात कोणी उच्चारला नाही.

आता तर यंत्र उतरंडही दाखवीत नाही. तयार उत्तरच वाढते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना, आणि त्यांच्या कचेरीसही, मिळून ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी आधारास दिलेले निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. त्यांतील एकाने ते खरे आहेत ना, अशी विचारपूस केलीही होती. मात्र विचारले होते ते त्याच यंत्रास.